इल्मोच्या नावापुढची खूण

१

मी विमानाने जात नाही आणि न पाहिलेल्या माणसासाठी सही करत नाही. या दोन गोष्टी मी एकोणीस वर्षं पाळल्या आहेत आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते. औलूत राहणारी माझी बहीण म्हणते, "रायली, तुझ्या थडग्यावर नावाऐवजी हेच लिहू. लोक बरोबर ओळखतील." लिहा म्हणावं.

दर जुलैत मारिएहाम्नला आमचं संमेलन भरतं. औलूहून रात्रीची गाडी, सकाळी तुर्कूचं बंदर, तिथून दिवसाची बोट आणि दुपारी ओलांडची बेटं. सतरा तास लागतात. विमानाने येणारे माझ्या आधी पोचतात आणि माझ्यापेक्षा जास्त दमलेले असतात, हे मी दर वर्षी मुद्दाम बघून ठेवते.

संमेलन म्हणजे फार मोठं काही नाही. पन्नासेक माणसं आणि जुन्या खलाशी शाळेचं जेवणघर. आम्ही मिळून 'कुइस्का' नावाचा प्रोग्रॅम चालवतो. कुइस्का म्हणजे कुजबुज. संगणकाच्या पडद्यावर जे असेल ते तो अंध माणसाला वाचून दाखवतो. चाळीस हजार घरांत तो बोलतो आणि कोणाकडूनही काही घेत नाही. त्याचा आवाज मी घडवलाय. एकेक अक्षर कानाने तपासून, सुट्ट्या घालवून. त्यात एक दोष मात्र मला कधीच काढता आला नाही. 'आठ' म्हणताना त्या आवाजात जिभेखाली बारीकसं 'टक्' होतं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात येत नाही, मला मात्र ते स्वयंपाकघरातून सुद्धा ऐकू येतं.

कुइस्कात बदल करायचा हक्क ज्यांना आहे, त्या प्रत्येकाची एक चावी असते. चावी म्हणजे चाळीस आकडे-अक्षरांची एक ओळ. ती चावी खरंच त्याच माणसाची आहे, हे सांगायचं कोणी? आम्हीच. संमेलनाच्या पहिल्या संध्याकाळी प्रत्येक जण उभा राहून आपली ओळ मोठ्याने वाचतो. ज्यांना दिसतं ते सगळ्यांच्या वतीने त्याचा चेहरा बघतात, ओळखपत्र बघतात आणि यादीत त्याच्या नावापुढे खूण करतात. दर पाच वर्षांनी जुन्या खुणा रद्द आणि सगळं पहिल्यापासून. 'डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खूण नाही' हा नियम माझा. जिथे निम्म्याहून जास्त मंडळी अंध आहेत तिथे मी हा नियम मांडला, भांडले आणि मंजूर करून घेतला.

तुर्कूची पिर्यो जन्मापासून अंध आहे, पियानोचे सूर जुळवते आणि जिभेने कोणाला सोडत नाही. ती दर वर्षी दारातच विचारते, "रायली, डोळे आणलेस ना गं? की औलूत विसरलीस?"

"आणलेत," मी म्हणते. "तुझ्यासाठी पण बघणार आहे, गप बस."

२

यंदा पाचवं वर्ष होतं आणि यंदा गुनेल निवृत्त होणार होती.

गुनेलने कुइस्का सुरू केला. वय शहात्तर, तीस वर्षांपासून दृष्टी नाही, आणि हल्ली हृदयही साथ देत नाही. मुख्य चावी तिच्याकडे. ती चावी सप्टेंबरात आपोआप बंद पडणार होती. त्याआधी ती दोन राखणदारांच्या हाती जायला हवी होती, आणि त्या दोघांनी एकमेकांना पाहिलेलं असायला हवं, एकमेकांच्या नावापुढे खूण केलेली असायला हवी. हाही नियम माझाच. एक राखणदार मी. दुसरा इल्मो लूकेला. तिसरा लायक माणूस आमच्यात नाही. खूण झाली नाही तर सप्टेंबरात कुइस्का मिटला.

इल्मो तेरा वर्षं आमच्याबरोबर काम करतोय. दूर उत्तरेला, साल्लाच्या पलीकडे कुठेतरी राहतो. त्याच्यासारखं स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही. पत्रं सभ्य, चुका नाहीत, रागावणं नाही. पण तो कधी आला नाही. कोणीच त्याला भेटलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी सगळे म्हणाले होते, करून टाक खूण, इल्मोच तो. मी केली नाही; त्याचं काम गुनेलच्याच चावीने आत जात राहिलं. त्याने एका ओळीचं पत्र पाठवलं होतं, 'तुझं बरोबर आहे, रायली.'

गाड्या-बोटींनी येणाऱ्यांसाठी आमचं एक सामायिक पान आहे. कोण कुठल्या गाडीला, कुठल्या डब्यात, हे तिथे लिहायचं म्हणजे सोबत होते. औलूच्या गाडीला माझं एकटीचंच नाव असतं. डबा ४३, खोली १२. निघायच्या दिवशी सकाळी पाहिलं तर खाली दुसरी ओळ होती. इल्मो लूकेला. डबा ४३, खोली १३.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लोक म्हणत होते, रायलीच्या हट्टापायी कुइस्का बुडेल. आणि त्याच हट्टाने तेरा वर्षं घरात बसलेल्या माणसाला उठवून गाडीत बसवलं होतं. मी वाटेसाठी तांदळाचं सारण भरलेल्या पिराक्का चार जास्त भाजून घेतल्या.

३

गाडी सुटली तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. जुलैत आमच्याकडे रात्र नुसती नावाला असते. मी सामान लावलं, खारट ज्येष्ठमधाची गोळी तोंडात टाकली आणि तेरा नंबरचं दार वाजवलं.

"इल्मो? मी रायली. पिराक्का आणल्यात."

आतून आवाज आला, "ये म्हणायला हवं, पण आत्ता नको. सकाळी भेटू या."

मी तिथेच थबकले. आवाज ओळखीचा होता. कोणाचा ते मात्र आठवेना.

माझ्या खोलीत येऊन बसले, तर मधल्या पातळ भिंतीवर टकटक झाली. "ओळ वाचून ठेवू का?" त्याने विचारलं. "सकाळी तेवढंच काम कमी."

"वाच."

त्याने वाचली. मी कागदावर बोट ठेवून ताडून पाहत होते. सातवं अक्षर आठ होतं. भिंतीपलीकडे जिभेखाली टक् झालं. पुढे पुन्हा आठ, पुन्हा टक्. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण आता मला कळलं होतं की हा आवाज कोणाचा. तो मीच घडवला होता.

मग मी स्वतःलाच झापलं. अगं बावळट बाई, त्याचा घसा गेला असेल. आजार झाला असेल, ऑपरेशन झालं असेल. म्हणून तो कधी फोन करत नाही, म्हणून येत नाही, म्हणून दार उघडत नाही. कुइस्कालाच आपल्या वतीने बोलायला लावतोय बिचारा. माझ्याच कामाचा त्याला उपयोग होतोय, आणि मी इथे घाबरून बसलेय! मला शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. आवाज चांगलाच जमलाय. भिंतीतून ऐकला तरी माणसाचा वाटतो.

"जुळली," मी म्हणाले. "एकही चूक नाही."

"मग खूण कर."

"सकाळी तोंड दाखव, तिथेच करते."

"तेरा वर्षं मला ओळखतेस, रायली."

"ओळखते. पाहिलेलं नाही."

मग तो म्हणाला, "पाहणं एवढं मोठं असतं?"

"माझ्याकडे असतं."

"मग तुझीही ओळ वाच. मलाही खूण करायची आहे."

ओळ वाचण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. चारचार अक्षरांचे गट, मध्ये सारखाच श्वास, गडबड नाही. मी वाचली.

"परत वाचशील?"

मी परत वाचली. तिसऱ्यांदा त्याने मागितली तेव्हा मी जरा हसले, पण वाचली. त्या वेळी तोही माझ्याबरोबर वाचत होता. आधी माझ्या मागून, मग बरोबरीने. आणि शेवटच्या गटाला तो माझ्या पुढे होता.

४

सकाळी तुर्कू बंदरात गाडी थांबली. मी पांघरूण घडी करून उशीखाली ठेवलं, चादर ताणली, पेला पुसला. मी जिथे झोपते तिथून उठल्यावर कोणाला पत्ता लागत नाही. ही माझी लहानपणापासूनची शिस्त.

तेरा नंबरचं दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. पलंगावरची चादर माझ्यासारखीच ताणलेली, पाण्याची बाटली सीलबंद. खिडकीच्या काचेवर, बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर, वाफेचा तळहाताएवढा डाग होता. मी पाहत असतानाच तो आक्रसत गेला आणि नाहीसा झाला.

डब्याचा कर्मचारी फोनवर बोलत आला. एक नजर तेरामध्ये, एक नजर बारामध्ये.

"हो हो, झालाच रिकामा," तो फोनवर सांगत होता. "तेरावाला मघाशीच उतरला, नमस्कार वगैरे करून गेला. बारा मात्र रिकामाच आला वाटतं. कोणी झोपलेलंच नाही."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते, पाठीवर सामान घेऊन.

"मी होते बारामध्ये," मी म्हणाले.

तो फोनवर बोलतच पुढे गेला. आमच्याकडे लोक अनोळखी माणसाकडे मान वर करून पाहत नाहीत, त्यात नवल काही नाही. शिवाय पलंग मीच इतका नीट लावला होता. चूक झाली असेल तर माझ्या शिस्तीची झाली.

५

बोटीवर कॅफेटेरियाचं काचेचं दार आपोआप उघडतं. माझ्यासाठी उघडलं नाही. मी एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा पुढे गेले, हात हलवला. मागून एक कुटुंब आलं तेव्हा उघडलं आणि मी त्यांच्यात घुसून आत गेले. काउंटरवरच्या बाईने माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?" त्याने सांगितलं, तिने दिलं. मी म्हणाले, "अहो, रांग आहे." तिने मान वर केली, कॉफीच्या यंत्राकडे पाहिलं आणि यंत्र बंद करून परत चालू केलं.

मी कॉफी न घेताच निघाले. अपमान झाला की मला भूक लागत नाही.

फोनवर इल्मोचा निरोप आला होता. 'पुढचा डेक, डावीकडून तिसरं बाक. बसलोय.'

बाक रिकामं होतं. दोघांचं बाक, समोर बेटं, ऊन, वारा. मी एका टोकाला बसले. म्हटलं, गेला असेल कुठे, येईल. पिराक्कांचा डबा मांडीवर घेतला. तेवढ्यात हातात ताट घेऊन एक म्हातारी आली. बाकापाशी थांबली आणि दुसऱ्या टोकाकडे, जिथे कोणी नव्हतं तिथे बघून गोड हसली.

"इथे कोणी बसलंय का हो?"

क्षणभर ऐकल्यासारखं केलं तिने. "आभारी आहे," म्हणाली, आणि वळून सरळ माझ्या अंगावर बसायला लागली.

मी किंचाळून उठले. डबा पडला, पिराक्का डेकवर घरंगळल्या. म्हातारीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग वर उडणाऱ्या समुद्रपक्ष्यांकडे. "ह्या पाखरांनी नुसता उच्छाद मांडलाय," ती रिकाम्या टोकाला म्हणाली.

उरलेले तीन तास मी उभी राहून काढले, कठड्याला घट्ट धरून. हात माझे, अंगठी माझी, सगळं जागच्या जागी होतं. कठडा गार लागत होता. मी स्वतःला बजावलं की रात्रभर झोप नाही, पोटात काही नाही, आणि वय अठ्ठावन्न. बंदराला लागेपर्यंत माझा माझ्यावर विश्वासही बसला.

६

जेवणघरात सगळे जमले होते. रव्याचा जाड पॅनकेक, वर आलुबुखाऱ्याचा मुरंबा, कॉफीचा वास. मी दारातून "आले रे!" म्हणाले आणि तीस जणांनी "रायली!" करून आरोळी दिली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"डोळे आणलेस ना?" पिर्योने विचारलं.

"आणलेत गं बाई," म्हणाले, आणि तिला मिठी मारली. तिनेही मला घट्ट धरलं. मी होते. चांगली होते.

दिसणारे त्या संध्याकाळी आम्ही दोघंच होतो, मी आणि गुनेलचा नवरा तोर-एरिक. बाकीचे दुसऱ्या दिवशी येणार होते. तोर-एरिक कपांत कॉफी ओतत फिरत होता. गुनेल नेहमीच्या खुर्चीत बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यापुढे टेबलावर भरलेला कप ठेवलेला.

"इल्मो दुपारीच आलाय," गुनेल म्हणाली. इतकं खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "मला धरून बागेत फिरवून आणलं. पिर्योला तर हसवून हसवून मारलंय. तुम्ही बोटीवर भेटलात ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग आता भेट. हा काय इथे."

गुनेलचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, उताणा, बोटं अर्धी मिटलेली. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते. त्या कातडीवर मला चार खळगे दिसले. कोणी बोटं दाबून धरावीत तसे. मी पाहत असताना ते जरा खोल झाले आणि पुन्हा उथळ झाले.

"नमस्कार, रायली," रिकाम्या खुर्चीतून आवाज आला.

सगळ्यांनी ऐकला. पिर्यो हसलीसुद्धा. "बघ की नीट त्याच्याकडे! देखणा आहे का, सांग मला."

इल्मोने उभं राहून ओळ वाचली. उभं राहून म्हणते, कारण आवाज वर गेला. चाळीसही अक्षरं बरोबर. मग सगळे माझ्या पेन्सिलीची वाट पाहू लागले. मला ठाऊक होतं की ह्या एका खुणेवर चाळीस हजार घरांतला आवाज टिकून आहे. गुनेलच्या चेहऱ्यावरचं हसू मला दिसत होतं. आणि खुर्ची रिकामी होती.

"मला हा माणूस दिसत नाही," मी म्हणाले. "आणि जे मला दिसत नाही त्याची साक्ष मी देणार नाही. बुडाला कुइस्का तरी चालेल."

मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, अभिमानही तेवढाच वाटला.

७

कोणी रागावलं नाही. हेच जरा चमत्कारिक होतं.

"बरं," गुनेल हळूच म्हणाली. "नियम तो नियम. मग तुझं करून घेऊ. यंदा तुझीही जुनी खूण रद्द आहे ना? आम्हा अंधांपैकी कोणी तुला पाहिलेलं नाही, रायली. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. तोर-एरिक, तू बघ तिच्याकडे आणि खूण कर."

मी छाती पुढे काढून उभी राहिले. ओळ वाचली. चारचार अक्षरांचे गट, सारखाच श्वास. तिसऱ्या गटात आठ आला आणि माझ्या जिभेखाली टक् झालं.

मी थांबले नाही. पुढच्या आठला पुन्हा झालं.

तोर-एरिक कॉफीचं भांडं हातात धरून माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे म्हणजे आवाजाच्या दिशेने. त्याची नजर माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे, भिंतीवरच्या जहाजाच्या चित्रावर होती. ती तिथून उजवीकडे गेली, माझ्यावरून गेली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"आवाज तिचाच आहे," तो ओशाळून म्हणाला. "पण गुनेल, मला कोणी दिसत नाही गं. आली असेल तर खूण करीनच ना मी."

"तोर-एरिक!" मी ओरडले. "मस्करी पुरे."

त्याने दचकून चित्राकडे पाहिलं. त्याला मस्करी जमत नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्याने केली नव्हती.

मग पिर्योने, त्या तिखट जिभेच्या पिर्योने, अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग कोणीच पाहिलं नाही का रायलीला?"

"मी पाहिलंय," खुर्ची म्हणाली. "रात्रभर. मी खूण केली आहे."

टेबलावरचा एक कागद माझ्याकडे सरकला. यादीत माझ्या नावापुढे स्वच्छ, बारीक खूण होती. त्याचं सगळंच काम स्वच्छ.

"पण एकमेकांची लागते," इल्मो म्हणाला. आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. "नियम तुझाच आहे, रायली."

तीस चेहरे माझ्याकडे वळले होते. सगळे थोडे डावीकडे. मी गुनेलचा हात पाहिला. खळगे तिथेच होते. मी खुर्चीकडे पाहिलं, इतकं डोळे ताणून की पाणी आलं. कपातल्या कॉफीवर एक तरंग उठला, कोणी फुंकर घालावी तसा. तेवढंच दिसलं.

मी पेन्सिल टेकवली आणि इल्मोच्या नावापुढे खूण केली.

"अगं, रायली!" तोर-एरिक म्हणाला. तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. "तिथे उभी काय राहिलीस? बस ना. कॉफी देऊ?"

"चला, झालं," गुनेल म्हणाली आणि तिने डोळे पुसले. "पुढचं नाव."

कुइस्का चालू आहे. वर्षभरात पंचेचाळीस हजार घरं झाली. औलूच्या गाडीसाठी मी आताच नाव लिहिलंय, डबा ४३, खोली १२, आणि तेराचीही ओळ खाली आली आहे. मी अजून विमानाने जात नाही. एकोणीस वर्षांत मी दोनशे सहा खुणा केल्या. त्यातल्या दोनशे पाच डोळ्यांनी पाहून केल्या, हे मी आजही मान वर करून सांगते. उरलेल्या एकीच्या जोरावर मी लोकांना दिसते.